आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यास मराठीतही हवा

महोदय,

पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपावरून फाशीची शिक्षा सुनावलेले भारतीय नागरिक कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिलेल्या निकालाची घराघरांत चर्चा झाली. न्यायालयाने नेमके काय ठरवले, हे मात्र फार थोड्यांपर्यंत पोहोचले. अटकेतील परदेशी नागरिकाला आपल्या देशाच्या वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे कलम ३६ देते. पाकिस्तानने तो डावलला, म्हणून शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा, असे न्यायालयाने सांगितले, पण सुटकेचा आदेश दिला नाही. अटकेतील नागरिकांशी दूतावासाच्या संपर्काविषयीच्या २००८ च्या भारत-पाक करारामुळे हे कलम लागू होत नाही, हा पाकिस्तानचा युक्तिवादही फेटाळला गेला आणि माझ्या मते अभ्यासकांसाठी निकालातील हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. त्याच करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश अटकेतील कैदी व मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात. पालघरच्या किनाऱ्यावरील कुटुंबांसाठी हा विषय पुस्तकी नाही.

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला सत्तेचे राजकारण कळते, विधी शाखेच्या विद्यार्थ्याला कलमे कळतात; हेगच्या निकालाची अंमलबजावणी शेवटी राष्ट्रांच्या इच्छेवर का अवलंबून राहते, हे समजायला दोन्ही लागते. म्हणून मुंबईतील महाविद्यालयांनी दोन्ही शाखांसाठी सामायिक अभ्यासक्रम सुरू करावा, आणि अशा निकालांचे सटीप मराठी अनुवाद विद्यापीठाने तज्ज्ञांकडून करून घ्यावेत. सुरुवात जाधव निकालापासूनच व्हावी.

– एक प्राध्यापिका, दादर, मुंबई