शालीचा नुसता फोटो नको, वीणही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत हाताने विणलेल्या लेसच्या शाली, स्टोल, बाळांचे स्वेटर यांचे फोटो अधूनमधून येतात, सुंदर असतात, मी ते कापून ठेवते. पण दरवेळी खाली मजकूर तोच, की ही कला दुर्मिळ होत चाललीय आणि अमुक शाल इतकी नाजूक की बोटातल्या अंगठीतून आरपार जाते. आता स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांमधल्या उन्स्ट बेटावरच्या आणि रशियातल्या ओरेनबुर्गच्या शाली खरंच अंगठीतून जातात, त्यात खोटं काही नाही, पण ते वाचून ज्याच्या घरात सुया पडून आहेत तो माणूस सुया हातात घेत नाही, उलट हे आपलं काम नाही म्हणून पान उलटतो. म्हणून हे पत्र लिहितेय. फोटोसोबत वीण, म्हणजे विणायची कृती छापा, आणि पूर्ण छापा, वाचून घरच्या माणसासाठी काहीतरी खरंच विणता येईल अशी.

लेस म्हणजे मुळात काय, तर धागा पुढे घेऊन एक भोक पाडायचं आणि आसपास कुठेतरी दोन टाके एकत्र विणून तो वाढलेला टाका परत कमी करायचा. सुईवरचे टाके तेवढेच राहतात. बाकी सगळी नक्षी या दोन गोष्टी कुठे ठेवता त्यावर. शेटलंडचाच ओल्ड शेल नावाचा नमुना घ्या, लाटांसारखा दिसतो, बघणाऱ्याला वाटतं केवढं अवघड असेल. तो 18 टाक्यांचा आणि 4 सुयांचा आहे, इथे सुई म्हणजे विणलेली एक ओळ. सुलट आणि उलट हे विणकामातले दोन मूळ टाके. पहिली सुई सगळी सुलट, दुसरी सगळी उलट, तिसऱ्या सुईला तीन वेळा दोन-दोन टाके एकत्र, मग सहा वेळा धागा पुढे घेऊन एक सुलट, मग पुन्हा तीन वेळा दोन-दोन एकत्र, आणि चौथी सुई सगळी सुलट. झालं! टाके 18 च्या पटीत घाला, दोन्ही कडांना दोन-तीन साधे टाके जास्त ठेवा आणि हीच चार सुयांची वीण हवी तेवढी लांब करत जा, मफलर होतो, स्टोल होतो, आजीच्या पायांवर टाकायचं पांघरूण होतं. एवढं छापायला पेपरात किती जागा लागते हो?

आता पूर्ण वीण म्हणजे काय ते पण लिहिते, कारण मासिकांत आणि पुस्तकांत नेमकं हेच अर्धवट असतं. सुईचा नंबर नुसता 8 लिहून चालत नाही, ब्रिटिश 8 म्हणजे 4 मिमी आणि अमेरिकन 8 म्हणजे 5 मिमी, आणि ब्रिटिश नंबर वाढला की सुई बारीक होते तर अमेरिकन नंबर वाढला की जाड, त्यामुळे मिमीच लिहा. लोकरीचं नुसतं वजन देऊ नका, किती ग्रॅममध्ये किती मीटर ते द्या, कारण 50 ग्रॅमचा गोळा 400 मीटरचा पण असतो आणि 100 मीटरचा पण. ग्राफ, म्हणजे चौकटींत खुणांनी काढलेली नक्षी दिलीत तर खुणांची यादी सोबत हवी, आणि एक ओळ अशी पण, की ग्राफ खालून वर वाचायचा, सुलट बाजूची सुई उजवीकडून डावीकडे आणि उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. माहिती असणाऱ्याला हे फालतू वाटेल, नवीन माणूस तिथेच अडकतो.

कपड्यांच्या विणीत तर एक वाक्य आहे त्याचा मला मनापासून राग येतो, "नमुना कायम ठेवून टाके कमी करा". मुंढ्याशी, म्हणजे बाही जोडतात तिथे आलं की हे वाक्य, पुढे काही नाही! अहो पण कायम ठेवायचा कसा? सरळ शालीत प्रश्न येत नाही पण ब्लाऊज, जॅकेट, स्वेटर यात कडेला टाके कमी होत जातात तशी नक्षी कडेला तुटते, मग एखाद्या ठिकाणी धागा पुढे घेतला जातो पण त्याच्या जोडीचे दोन टाके एकत्र करायला टाकेच उरलेले नसतात आणि सुईवरचा हिशोब बिघडतो. नियम सोपा आहे, जोडीतली एक गोष्ट करता येत नसेल तर दुसरी पण करायची नाही, ते टाके साधे विणायचे. हे एक वाक्य छापलं असतं तर कितीतरी अर्धवट स्वेटर पूर्ण झाले असते असं मला खात्रीने वाटतं.

आणि ब्लॉकिंग, म्हणजे विणलेलं भिजवून, ताणून वाळवणं. सुईवरून उतरलेली लेस चुरगळलेली, आक्रसलेली दिसते आणि माणूस हिरमुसतो. खरी शाल त्यानंतर होते. कोमट पाण्यात भिजवायची, पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची, मग गादीवर ताणून टाचण्या लावायच्या आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. शुद्ध लोकर तो आकार धरून ठेवते. ॲक्रिलिक नुसतं भिजवून धरत नाही, त्याला लांबूनच वाफ द्यावी लागते, इस्त्री टेकली तर धागा मेला. शेवटचे टाके सैल बंद करायचे नाहीतर कड ताणलीच जात नाही.

मानेपासून सुरू होणाऱ्या तिकोनी शालीचं एक वेगळंच, तिच्या सुया लांब लांब होत जातात, त्यामुळे 100 सुयांची शाल असेल तर साधारण 70 व्या सुईला निम्मीच लोकर संपलेली असते. 70 सुया झाल्या म्हणजे आता थोडंच राहिलं असं समजून लोकर कमी आणली की शेवटी त्याच रंगाची मिळत नाही.

घरच्यांसाठी विणताना कोणासाठी विणतोय त्यावरून नमुना ठरवावा असं माझं मत आहे. तान्ह्या बाळाला मोठ्या भोकांची लेस नकोच, बोटं अडकतात, बारीक जाळी किंवा फक्त कडेला लेस बरी. म्हाताऱ्या माणसांना शाल खांद्यावरून घसरते आणि ती सावरण्यात एक हात जातो, त्यांच्यासाठी उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरची पद्धत बघा, पाठीवर मधोमध एक पट्टी आणि खांद्यांना आकार, पिन न लावता शाल जागेवर राहते. आमच्या घरात जड शाल सहन न होणारं माणूस होतं, त्यांना लेसची इतकी हलकी आणि तरी उबदार शाल मिळाली तेव्हा त्या ती दिवसभर अंगावरून काढत नसत. भोकं असून ऊब कशी, असं सगळे विचारतात, पण बारीक लोकरीच्या तंतूंत हवा अडकते ना, ऊब तिचीच. जॅकेटच्या आत घ्यायला, प्रवासात पिशवीत टाकायला, ऑफिसच्या एसीत पण तेवढीच पुरते.

तेव्हा महिन्यातून एक वीण द्या, पहिली ओल्ड शेलच द्या हवं तर. फक्त छापायच्या आधी ती कोणाकडून तरी छापलेल्या मजकुरावरूनच विणून घ्या, एक टाका चुकीचा छापला गेला तरी पुढची सगळी नक्षी सरकते.

आपली,
एक विणणारी वाचक