25 मिलीमीटरचा सांगून 28 मिलीमीटरचा स्टॅबिलायझर बार पाठवल्याबद्दल तक्रार

सातारा
दिनांक : 12 ऑगस्ट 2024

प्रति,
विभागप्रमुख,
ग्राहक सेवा व विक्रीपश्चात विभाग

विषय : जिम्नी गाडीसाठी घेतलेला पुढचा स्टॅबिलायझर बार व लिंक परत घेऊन पूर्ण पैसे मिळणेबाबत

महोदय / महोदया,

मी मे महिन्यात माझ्या पाच दारांच्या जिम्नीसाठी आपल्याकडून पुढचा जाड स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडीचे कलणे रोखणारी लोखंडी दांडी) आणि झटपट सुटणाऱ्या लिंकची (बारची टोके चाकांकडच्या भागाशी जोडणारे, पिन काढली की सुटणारे छोटे दांडे) जोडी घेतली. बिल 18,500 रुपयांचे आहे, प्रत सोबत जोडली आहे. जूनपासून मी दोनदा फोन केला आणि एक ईमेल पाठवली. फोनवर "अशी तक्रार दुसऱ्या कुणाचीच नाही" एवढेच ऐकायला मिळाले. ईमेलला उत्तर आले नाही. म्हणून आता सगळे सविस्तर लिहीत आहे.

गाडी कशासाठी वापरतो हे मी खरेदीच्या आधीच आपल्या सल्लागारांना सांगितले होते. मी शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता तपासणीचे काम करतो आणि साताऱ्यात राहतो. आठवड्याचे सहा दिवस महामार्गाने येऊन-जाऊन सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होतात. सकाळी खंबाटकीचा बोगदा, संध्याकाळी घाट. रविवारी आईला घेऊन बामणोलीच्या पुढे आमच्या शेतावर जातो. तिथले शेवटचे अडीच किलोमीटर म्हणजे बैलगाडीची चाकोरी, जांभ्याचे दगड आणि मध्ये एक ओढा. त्या ओढ्यासाठीच मी गाडी दोन इंचांनी उचलून घेतली होती. उचलल्यावर महामार्गावर ती पूर्वीपेक्षा जास्त डोलायला लागली, म्हणून आपल्याकडे आलो.

लिंकची लांबी किती, बुश (सांध्यातले रबर) कसे आहेत, टायर कोणते, मागे वजन किती असते, यातले काहीही विचारण्यात आले नाही. "सगळ्यात जाड घ्या साहेब, रस्त्यावर घट्ट बसेल आणि ऑफरोडला पिन काढली की काम झालं," असा सल्ला मिळाला. मी विश्वास ठेवला.

बारचे काम आपल्याला माहीत आहेच, तरी तक्रार त्याच्याशीच निगडित असल्यामुळे लिहितो. वळणावर गाडी कलू लागली की बारला पीळ बसतो आणि तो कल रोखून धरतो. शेतात एक चाक खड्ड्यात उतरायला बघते, तेव्हा तोच पीळ त्या चाकाला खाली जाऊ देत नाही. म्हणजे वळणावर जी मदत होते, तीच चाकोरीत आडवी येते. ज्याची एकच गाडी रोज महामार्गावर आणि आठवड्यातून एकदा ओढ्यात जाते, त्याला या दोन्हींच्या मधला बार बघून द्यावा लागतो. सगळ्यात जाड बार हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

त्यातही जो बार आला, तो मागितलेला नव्हताच. आपल्या माहितीपत्रकात, खोक्यावर आणि बिलावर 25 मिलीमीटर लिहिले आहे. गाडीचे वागणे विचित्र वाटल्यावर मी कामावरचा व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) घरी आणला आणि बार तीन ठिकाणी मोजला. तिन्ही ठिकाणी 28 मिलीमीटरच्या जरा वर भरला. रंगाचा थर कितीही धरला तरी तीन मिलीमीटर होत नाही. हा फरक कागदावर किरकोळ दिसेल, पण भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. 25 चा 28 झाला की लांबी-आकार तोच असताना बार 57 टक्के जास्त ताठ होतो. माझ्या विभागात असा माल दारातूनच परत जातो.

जूनमधल्या एका सकाळी कामावर जाताना, भुरभुर पाऊस असताना, बोगद्यातून बाहेर पडून पुढच्या नागमोडी वळणावर आलो. ते वळण किती वाईट आहे हे या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही विचारा. वेग नेहमीचाच होता. स्टीअरिंग वळवले तरी पुढची चाके वळायला तयार होईनात, गाडी सरळ बाहेरच्या बाजूला सरकत गेली आणि शेजारच्या मार्गिकेत शिरली. त्या क्षणी तिथे ट्रक नव्हता, म्हणून आज हे पत्र लिहितो आहे. फक्त पुढचाच बार इतका ताठ केला की वळणावर पुढच्या बाहेरच्या टायरवर नको एवढा भार येतो आणि ओल्या रस्त्यावर तो टायर आधी घसरतो. सल्ला देणाऱ्याने हे आधी सांगायला हवे होते.

पुढच्याच रविवारी शेतावर जाताना ओढ्याच्या उतारावर डावे पुढचे चाक वीतभर हवेत लटकले. मूळ बार असताना याच जागी चाक दगडाला टेकूनच उतरायचे. मी पिन काढायला खाली उतरलो, पण पिन जागची हलेना. तिरप्या उभ्या गाडीत बारला आधीच पीळ बसलेला असतो, त्यामुळे पिन सपाट जमिनीवरच सुटते. ही गोष्ट आपल्या पत्रकात एका ओळीनेही लिहिलेली नाही. तसाच गाडीत बसलो आणि हळू पुढे घेतली, तर गाडी एकदम दुसऱ्या अंगावर आपटली. मागे बसलेल्या आईचा खांदा दारावर आदळला. ती तिथेच उतरली आणि उरलेली वाट चिखलातून चालत आली. तिचे वय 68 आहे.

परत येताना सपाट जागा बघून, हातोडीने ठोकून पिन काढली. पण सोडलेला बार कुठे अडकवायचा? किटमध्ये पट्टा नाही, हूक नाही. मी सुतळीने बांधला. घरी येऊन गाडीखाली टॉर्च घेऊन झोपलो तेव्हा उजव्या बाजूच्या ब्रेकच्या रबरी पाइपवर बोटभर लांबीचा चकचकीत पट्टा दिसला. तिथे लिंक घासत होती. वरचा थर जाऊन आतले दोरे दिसायला लागले होते. आपण दिलेल्या लिंक मूळ उंचीच्या गाडीसाठी आहेत, दोन इंच उचललेल्या गाडीत त्या तिरक्या बसतात. गाडी उचललेली आहे हे मी पहिल्याच फोनवर सांगितले होते.

पिन काढलेल्या अवस्थेत गाडी महामार्गावर नेऊ नये, अशी सूचनाही कुठे नाही. जीप कंपनीच्या रुबिकॉन गाडीत बार बटणाने सुटतो, पण वेग ताशी 30 किलोमीटरच्या आसपास गेला की आपोआप पुन्हा जोडला जातो. त्यांनी ही काळजी उगाच घेतलेली नाही. आपल्या किटमध्ये ती जबाबदारी पूर्णपणे गाडी चालवणाऱ्यावर आहे, मग त्याला निदान ठळक अक्षरांत सांगा तरी.

जुलैमध्ये मी मूळ बार परत बसवला, गाडीच्या उंचीला साजेशा लांब लिंक आणि नवे बुश टाकले, ब्रेकचा पाइप बदलला. यासाठी मजुरीसकट 6,400 रुपये लागले. गाडी वळणावर थोडी कलते, पण स्टीअरिंग वळवले तिकडे वळते आणि ओढ्यात चाक खाली टेकते. मला एवढेच हवे होते आणि ते आपल्या बारच्या निम्म्याहून कमी खर्चात झाले. हा पर्याय आपल्या सल्लागाराने पहिल्या फोनवरच सुचवला असता, तर तुमची विक्री बुडाली असती, पण माझ्यासारखा गिऱ्हाईक कायमचा तुमचा झाला असता.

माझी मागणी अशी आहे : बार आणि लिंकचे 18,500 रुपये तसेच दुरुस्तीचे 6,400 रुपये परत करावेत. 25 लिहिलेल्या खोक्यात 28 चा बार कसा आला, आणि त्याच खेपेतले आणखी किती बार विकले गेले, याचा लेखी खुलासा करावा. ज्यांना ते गेले आहेत त्यांना आपण स्वतः कळवावे. माझ्या पैशांइतकीच ही मागणी मला महत्त्वाची वाटते, कारण त्यांच्यापैकी कुणाच्या तरी ब्रेकचा पाइप आत्ताही घासत असेल.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करण्याची सोय या कायद्यात आहे.

बार, लिंक, पिन आणि घासलेला पाइप मी खोक्यासकट जपून ठेवले आहेत. व्हर्नियर लावून काढलेले फोटो सोबत आहेत. आपला माणूस रविवार सोडून कोणत्याही दिवशी संध्याकाळी सातनंतर येऊन माझ्यासमोर बार मोजून घेऊन जाऊ शकतो.

आपला,
एक ग्राहक, सातारा

सोबत : बिलाची प्रत, दुरुस्तीची पावती, फोटो 7