नोव्हेंबरच्या जंगलात जाण्यापूर्वी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी विस्कॉन्सिनमधील हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि या वर्षी तू प्रथमच माझ्यासोबत येणार आहेस. शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम तू मनापासून पूर्ण केलास, म्हणून त्याची उजळणी येथे करत नाही. मला लिहायचे आहे ते थंडीविषयी, कारण या सहलीची सारी आखणी मी एकाच हेतूने केली आहे. गोळी झाडायची की नाही, हे ठरवण्याचा क्षण येईल तेव्हा ते तू ठरवावेस. गारठलेली बोटे, रिकामे पोट किंवा मावळत्या उजेडाची घाई यांनी ते तुझ्या वतीने ठरवू नये.

आपण उत्तरेकडील शुवॉमेगन-निकोले राष्ट्रीय वनात जाऊ. सुमारे १५ लाख एकरांचे हे जंगल सर्वांना खुले आहे. येथील मूळ रहिवासी असलेल्या ओजिब्वे लोकांनी १८३७ आणि १८४२ च्या करारांनी उत्तरेकडचा हा प्रदेश अमेरिकी सरकारला दिला, पण शिकारीचा, मासेमारीचा आणि रानातील वस्तू गोळा करण्याचा हक्क स्वतःकडे राखला, आणि १९८३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो मान्य केला. आपण तेथे परवाना काढून जाणारे पाहुणे आहोत, याचे भान ठेव.

मुक्या जनावराला मारायचे कशाला, असे आजीने तुला फोनवर विचारले. प्रश्न रास्त आहे आणि त्याचा विचार केल्याशिवाय तू येऊ नयेस, असेच मला वाटते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये शिकारीला बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. तेथे चितळ आणि सांबर हे वाघाच्या तोंडचे अन्न आहे आणि जंगल फार थोडे उरले आहे. येथे लांडगे परतले असले, तरी अनेक भागांत पांढऱ्या शेपटीची हरणे इतकी आहेत, की हेमलॉक आणि पांढऱ्या सीडरची रोपे ती वाढू देत नाहीत. शिवाय १९३७ च्या कायद्यान्वये रायफली व काडतुसांवर जो कर बसतो, आज तो ११ टक्के आहे, त्याचा पैसा राज्यांच्या वन्यजीव संवर्धनालाच मिळतो. एवढे सांगूनही आजीला पटले नाही, तर तिच्याशी वाद घालू नकोस. तिचे म्हणणे ऐकून घे आणि तुझे उत्तर तू स्वतः शोध.

आता कपडे. उत्तरेत त्या दिवसांत पहाटेचे तापमान शून्याच्या बरेच खाली असते आणि आपल्याला तासन् तास न हलता बसायचे आहे, म्हणजे चालणाऱ्याला पुरणारे कपडे आपल्याला पुरणार नाहीत. अंगालगत मेरिनो लोकरीचे कपडे घाल. सुती बनियन एकदा घामाने भिजले की अंगावर वाळत नाही आणि शरीराची ऊब ओढून घेते. जाड कोट पाठीवर बांधून न्यायचा, जागेपर्यंत पातळ कपड्यांत सावकाश चालायचे आणि बसल्यावरच तो चढवायचा. बुटांत दोन मोजे कोंबू नकोस, कारण पाय आवळला की रक्त खेळत नाही आणि बोटे अधिकच गार पडतात. सर्वांत वरचे जाकीट आणि टोपी भडक नारिंगी असेल. इतर शिकाऱ्यांना आपण दिसलो पाहिजे, म्हणून वरच्या कपड्यांचा असा भडक रंग कायद्यानेच बंधनकारक आहे.

डब्यात शेंगदाण्याचे लाडू आणि तूप लावलेल्या गुळाच्या पोळ्या असतील, थर्मासमध्ये आल्याचा चहा असेल, आणि भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला थोडे खायचे आहे. कुडकुडणे लपवू नकोस. हात वळेनासे झाले किंवा बोलताना शब्द अडखळू लागले, तर मी तुला लगेच गाडीकडे नेईन, मग समोर केवढेही हरीण उभे असो; कुडकुडणे ऊब न मिळताच थांबले, तर धोका आणखी वाढलेला असतो.

रायफल एकच असेल, पॉइंट २४३ कॅलिबरची, कारण तिचा धक्का तुझ्या खांद्याला सोसवतो. पुढचे सगळे शनिवार तू हातमोजे घालूनच नेमबाजीचा सराव कर. उघड्या हाताने साधलेला नेम जाड हातमोज्यांत तसाच राहील, असे गृहीत धरता येत नाही. रात्री रायफल रिकामी करून गाडीतच कुलूपबंद ठेवू, कारण गार लोखंड उबदार खोलीत आणले की त्यावर दव धरते आणि तेच पाणी पहाटे यंत्रणेत गोठते.

सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून गोळी झाडायला परवानगी आहे, तरी आपण त्या अंधुक वेळेचा उपयोग केवळ पाहण्यासाठी करू. हरीण आडवे उभे असेल, ७५ यार्डांच्या आत असेल, पुढच्या पायामागची जागा स्पष्ट दिसत असेल आणि त्याच्या पलीकडे मातीचा चढ असेल, तरच बंदूक उचल. यातील एकही गोष्ट नसेल तर उचलू नकोस, आणि सर्व असूनही मन नको म्हणत असेल, तरीही उचलू नकोस. मी कारण विचारणार नाही.

गोळी झाडलीस, तर अर्धा तास जागेवरून हलायचे नाही. जखमी जनावराच्या मागे लगेच धावले, तर ते घाबरून दूर जाते आणि वेदनेत मरते. त्यानंतर बर्फावरील माग आपण दोघे मिळून काढू, आणि आतडी काढण्याचे काम मी तुला दाखवीन, पण हात तुझेच असतील. त्या हरणाची नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा असाध्य रोग २००२ मध्ये विस्कॉन्सिनच्या हरणांत आढळला, म्हणून मानेतील लसिका ग्रंथी राज्याच्या मोफत तपासणीसाठी देऊ आणि अहवाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्येच राहील. माणसाला तो रोग झाल्याचे आढळलेले नाही, तरी रोगट हरणाचे मांस आपण खाणार नाही.

नकाशाची प्रत तुझ्या टेबलावर ठेवली आहे. सीडरच्या दलदलीची कड आणि ओकच्या झाडांचा उतार, अशा दोन जागांवर मी खुणा केल्या आहेत. हरणाला आपला वास आधी पोहोचता कामा नये, हे लक्षात घेऊन वायव्येचा वारा असेल तर कोठे बसावे आणि दक्षिणेचा असेल तर कोठे, हे तू ठरव आणि रविवारी जेवणानंतर मला कारणांसह सांग. तू सांगशील तेथेच आपण बसू.

तुझी,
आई