दर वेळी नवी मॅडम, पुन्हा पहिल्यापासून

संपादक साहेब, नमस्कार,

माझा धाकटा भाऊ दोन वर्षं साताऱ्यातल्या एका मानसोपचार केंद्रात जातोय. स्टँडवर रिक्षावाल्याला पत्ता सांगितला की तो आरशातून बघत म्हणतो, "येड्यांच्या दवाखान्यात का?" आणि भाऊ गप्प होतो. आत मात्र वेगळंच, तिथल्या मावशी त्याला नावानं हाक मारतात, गोळ्या चुकल्या की सिस्टर स्वतः फोन करतात, गणपतीत टाळ वाजवता वाजवता भाऊ एवढा हसला की आई बाहेर जाऊन रडली.

पण ह्याच लोकांचे पगार दोन-दोन महिने लटकतात, कंत्राटी ना! यंदा तिसऱ्या काउन्सेलर मॅडम आल्या, भावानं परत पहिल्यापासून सगळं सांगायचं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा हक्क दिलाय म्हणे, पण उपचार करणारं माणूसच टिकत नसेल तर? टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्री बरा पडतो, पण फोनवर कोण टाळ देणार हातात. प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणाल तर पुणे नाहीतर रत्नागिरी, एका खेपेत आईचा दिवस अन् मजुरी दोन्ही जातात.

मागच्या सोमवारी जुन्या मॅडमसाठी भावानं कंदी पेढे नेले होते. पुडा तसाच परत आणला.

– एक वाचक, सातारा