पोरगं बेरीचं झालं, भावा

बेरी,
मँचेस्टरजवळ, इंग्लंड,
नोव्हेंबर २०२५

भावा,

आईची शुगर आटोक्यात आहे, माझा गुडघा थंडीत धरतो, बाकी घरात सगळे ठीक. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं दादाकडून कळलं. बरं झालं. आता मुद्द्यावर येतो, कारण हे इथं कुणापाशी बोलता येत नाही आणि घरात बोलायची सोय उरलेली नाही.

पुढच्या जूनमध्ये आमचं परत यायचं जवळजवळ ठरलंय. कंपनी पुण्याच्या ऑफिसात घेते म्हणाली, आठवड्यातले दोन दिवस तिकडं, बाकी कोल्हापुरातून काम. आईला आता एकटं ठेवण्यात अर्थ नाही. तुझ्या वहिनीची तर कधीपासूनची इच्छा. सगळं जुळून आलं म्हणून रात्री जेवताना पोराला सांगितलं. त्यानं हातातला घास ताटात ठेवला आणि विचारलं, "मग शनिवारी कोण जाणार?"

शाळेचं विचारलं नाही, मित्रांचं नाही, सायकल नेणार का तेही नाही. सरळ शनिवारचं. हिला वाटलं पोहण्याच्या क्लासबद्दल बोलतोय. मला बरोबर कळलं, आणि तुलाही आत्ता वाचताना कळलं असणार: बेरीच्या फुटबॉल सामन्याला. तेव्हापासून साहेब माझ्याशी कामापुरतं बोलतात. आईशी बोलतो, आजीशी फोनवर हसतो, माझ्याशी नाही. त्याच्या हिशोबात हा दगा मी केलाय. आईकडून त्याला अपेक्षाच नव्हती, ती कधी स्टेडियमवर येत नाही. मी मात्र त्याच्या शेजारी बसून ओरडणारा माणूस.

आणि भावा, मला राग येत नाही. छाती भरून येते. हे पोरगं बेरीचं होईल असं तुला तरी वाटलं होतं का? आठव, २०१९ मध्ये ते चार वर्षांचं होतं. ३० एप्रिलला ट्रॅनमियरच्या मैदानावर १-१ झालं, आपण वरच्या लीगमध्ये गेलो, आणि घरी येऊन तू त्याला झोपेतून उठवून खांद्यावर नाचवलंस. वहिनी तुझ्यावर तेव्हापासून चिडून आहे, अजूनही विषय निघाला की चिडते. खेळाडूंचे पगार थकलेत हे तेव्हाही माहीत होतं. तरी डॅनी मेयर बॉल घेऊन डावीकडून आत शिरला की आपल्याला दुसरं काही दिसायचं नाही. मग पोर्ट व्हेलशी घरच्या मैदानावर १-१, आणि तो शेवटचा ठरला. कुणाला ठाऊक होतं? आपण तर निघताना पुढच्या वर्षी कुठं बसायचं यावर भांडत होतो. तुला सेमेटरी एंड पाहिजे होतं, मला साऊथ स्टँड. माझं अजूनही तेच म्हणणं आहे, साऊथ स्टँडवरून खेळ कळतो. गोलामागून नुसता गोंधळ दिसतो.

२७ ऑगस्ट मी विसरूच शकत नाही. एक पौंडाला विकलेल्या क्लबला लीगनं दिलेली मुदत त्या दिवशी पाच वाजता संपणार होती, आणि मैदान साफ करायला माणसं पाहिजेत असा निरोप आला. शनिवारी सामना होईल या आशेवर. तू ऑफिसात पोट दुखतंय सांगून आलास. मी वाटेत बादली, दोन खराटे आणि ब्लीचची बाटली घेतली. खुर्च्यांवर कबुतरांची घाण वाळून अशी घट्ट बसली होती की फडक्यानं निघेना. मी खराट्याच्या दांड्यानं खरवडायचो, तू मागून ओल्या फडक्यानं पुसायचास. तुझ्या हातमोज्याला भोक होतं, ब्लीचनं बोटं लाल झाली होती, तरी तू मला बदलू दिला नाहीस. आपल्या पुढच्या रांगेत त्या दोघी म्हाताऱ्या बहिणी होत्या, घरून उशी आणून त्यावर गुडघे टेकून घासत होत्या. त्याच आठवड्यात क्लबच्या माजी संचालक जॉय हार्टबाईंनी बाहेरच्या पाइपाला बेडीनं स्वतःला अडकवून घेतलं होतं. दुपारी बातमी आली की घेणारी कंपनी मागं हटली. कुणी खराटा टाकला नाही. हातातली रांग आपण पुरी केली. रात्री उशिरा लीगनं काढून टाकल्याचं जाहीर झालं. १८८५ चा क्लब. १९०० आणि १९०३ असे दोन एफए कप, त्यातल्या दुसऱ्यात डर्बीला ६-० नं धुतलेलं. चारही डिव्हिजनमध्ये हजार-हजार गोल करणारा पहिला क्लब. कुणाच्या तरी वहीखात्यापायी गेला.

तेव्हा मी तुला म्हणालो होतो की कोल्हापुरात हे होऊ शकत नाही. तालीम कुणाची नसते, म्हणून ती विकता येत नाही. पेठ आहे तोवर तालीम आहे, तालीम आहे तोवर संघ आहे. तू म्हणालास, पेठाही बदलतात. त्यावर आपण ट्रामच्या स्टॉपवर तासभर वाद घातला. शिवाजी पेठेच्या माणसाकडून मंगळवार पेठेनं तत्त्वज्ञान ऐकून घ्यायचं म्हणजे काय कमी सहन केलंय का मी! शाहू स्टेडियमवर आपण एका गॅलरीत बसलो असतो तर दोघांच्याही घरच्यांनी जेवायला घातलं नसतं. आणि बेरीत येऊन एका मीट-पायचे दोन तुकडे करून खात होतो.

असो. सांगत होतो ते पोराचं. पुढची चार वर्षं आपल्या मैदानाला, गिग लेनला, कुलूप. त्याच्या वयाच्या पोरांची आवड ठरायची तीच वर्षं. शाळेत अर्धा वर्ग युनायटेडचा, अर्धा सिटीचा. बेरीतल्या शाळेत बेरीचं एक पोर नाही! आमच्यानंही आकाशी शर्ट मागितला आणि मी घेऊन दिला, कारण दाखवायला दुसरं होतंच काय माझ्याकडं? शेजारच्या रॅडक्लिफला उसन्या मैदानावर आपण समर्थकांनी काढलेला नवा क्लब इंग्लिश फुटबॉलच्या दहाव्या पायरीवर खेळायचा, त्यात कोरोना आला, पहिला हंगाम अर्धवट बंद पडला. तू २०२१ मध्ये कोल्हापूरला परत गेलास. पुढच्याच वसंतात तो क्लब डिव्हिजन जिंकला आणि ते बघायला तू नव्हतास, हे मला अजून लागतं.

मग ते मतदान, समर्थकांच्या दोन संस्था एकत्र करायच्या का यावर. तो वाद मी उकरून काढत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही. गिग लेन समर्थकांच्या गटानं परत विकत घेतलं होतं, मैदान एकीकडं आणि संघ दुसरीकडं, आणि तू कोल्हापुरातून रात्री दोन वाजता मला लिहितोस की एकत्र येऊ नका, आपला स्वच्छ क्लब आहे तो तसाच राहू द्या, जुन्या नावामागं गेलात तर जुनेच लोक परत मानेवर बसतील. २०२२ च्या ऑक्टोबरात एका संस्थेत दोन-तृतीयांश मतं थोडक्यात हुकली तेव्हा तू पेढे वाटल्यासारखा मेसेज केलास. मी चार महिने तुझ्याशी नीट बोललो नाही. मे २०२३ मध्ये पुन्हा मतदान झालं, दोन्हीकडं मंजूर झालं, तेव्हा तू म्हणालास, "आता पोराला घेऊन जा." भावा, ते एक वाक्य मी तुझ्या नावावर कायमचं जमा केलंय.

गेलो. पायच्या आमिषानं आला तो. पहिल्या अर्ध्यात फोन मागत होता. दुसऱ्या अर्ध्यात आपल्या बॅकनं लाइनवरून बॉल काढला आणि मागच्या रांगेतल्या आजोबांनी ह्याच्या पाठीत आनंदानं असा धपाटा घातला की पायची ग्रेव्ही जॅकेटवर. मला वाटलं रडणार. तो मागं वळून हसला. त्या दिवसापासून त्याची सामन्यांची वही सुरू झाली. रविवारच्या मराठी शाळेत बाईंनी शुद्धलेखनाला दहा गावांची नावं लिहून आणायला सांगितली तर ह्यानं काय लिहावं? पॅडिहॅम, बर्स्को, चार्नॉक रिचर्ड, बार्नोल्ड्सविक, स्क्वायर्स गेट, सगळी बेरीशी खेळणाऱ्या संघांची ठिकाणं. बाईंनी सातारा-सांगलीची वाट बघितली असणार. पण सगळी बरोबर लिहिली होती, जोडाक्षरांसकट! त्यांनी दहापैकी दहा दिले. ती वही मी जपून ठेवलीय.

गेल्या हंगामात आपण डिव्हिजन जिंकून आठव्या पायरीवर आलो तेव्हा त्यानं मला हिशोब करून दाखवला: अजून चार बढत्या, की पुन्हा चौथ्या पायरीवरची लीग टू. "मी तेव्हा किती वर्षांचा असेन?" मी म्हटलं घाई करू नको. मला खरंच घाई नको आहे. आपण घाईचं फळ पाहिलंय. पण त्याच्या डोक्यात तो पूर्ण रस्ता आखलेला आहे, आणि त्या रस्त्यावर तो स्वतः साऊथ स्टँडमध्ये बसलेला आहे.

आता माझी अडचण समजून घे. सिटीचा पोरगा असता तर मी आज रात्री सामान बांधलं असतं. सिटी कोल्हापुरात दिसते, गारगोटीत दिसते, एसटी स्टँडवरच्या चहाच्या गाड्यावर मोबाइलवर दिसते. त्या पोरांना गाव बदललं तरी क्लब बदलत नाही. आठव्या पायरीवरचा क्लब मात्र जिथं आहे तिथंच असतो. गिग लेनच्या बाहेर तो कुठंच नाही. त्याचा खेळ टीव्हीवर लागत नाही, त्याचं नाव तिकडच्या पेपरात येत नाही. तिथं जाऊन उभं राहायचं, भिजायचं, आजोबांचा धपाटा खायचा, यालाच त्या क्लबचा असणं म्हणतात. मी पोराला सांगतोय की तू बेरीचा राहा पण कोल्हापुरात राहा. हे खरं आहे का? तूच सांग. तू करून बघितलंयस. शनिवारी हिवाळ्यात रात्री साडेआठला, उन्हाळ्यात साडेसातला तू काय करतोस? तुझ्या घरच्या वैनी सांगत होत्या की गच्चीवर जाऊन फोनवर नुसता आकडा बदलायची वाट बघत बसतोस. तेवढ्यानं भागतं का?

आणि तुझी लेक. ती आठची होती ना निघाली तेव्हा? तिनं कसं घेतलं हे तू मला कधीच नीट सांगितलं नाहीस. "रुळली" एवढंच. पोरं रुळतात हे मलाही माहीत आहे. मला त्याच्या आतलं पाहिजे. पहिल्या वर्षी ती शनिवारी गप्प असायची का? शाळेत कुणाला बेरीचं सांगितलं तर कुणी हसलं का? की शाहू स्टेडियमवर एकदा नेलंस आणि प्रश्न मिटला?

कारण माझी आशा तिथं अडकलीय. आपल्याकडं संघ निवडायची भानगड नाही. पोरगं मंगळवार पेठेत उतरलं की तिसऱ्या दिवशी चौकातली पोरं त्याला विचारतील तू कुणाचा, आणि उत्तर घराच्या पत्त्यावरूनच ठरलेलं. गॅलरी भरलेली, ऊन डोक्यावर, हलगी, शेजारी कुणाचा तरी काका गळा काढून पंचाला शिव्या घालतोय. अनिकेत जाधव आपल्याच मातीतून सतराखालच्या वर्ल्डकपला गेला, हे मी त्याला सांगितलंय. त्यानं ऐकलं आणि विचारलं, "तो बेरीला खेळेल का?" आता काय बोलणार! पण मला वाटतं पेठ त्याला धरेल. फक्त बेरी पुसून पेठ यावी असं मला नको आहे. दोन्ही पाहिजेत. मी स्वतः दोन्ही घेऊन जगलो, पण मी क्रम उलटा केला: आधी पेठ मिळाली, मग इथं आल्यावर बेरी. पायाखाली काहीतरी होतं म्हणून बेरी पेलली. त्याचा पाया बेरी आहे आणि मी तोच उचलायला निघालोय.

तू म्हणशील, आईचं बघ, हे काय घेऊन बसलास. आईचं ठरलंय रे. त्यात मागं-पुढं नाही. जूनमध्ये आम्ही येतोय. पण कसं न्यायचं त्याला, हे मला ठरवायचंय. वहिनी म्हणते वर्षातून एकदा सुट्टीत आणू. सुट्टी उन्हाळ्यात, तेव्हा हंगामच नसतो. मी ख्रिसमसच्या आसपास यायचं म्हणतोय, तिकिटं महाग असली तरी. आणि माझं सभासदत्व मी सोडणार नाही, एक सभासद एक मत, कोल्हापुरातून देईन. तू देतोसच. तो मोठा झाला की तोही देईल. आपल्या दोघांच्या विरोधात देईल अशी लक्षणं आहेत.

तुझ्या दुकानाचं नवं शटर पाहिलं फोटोत, झकास. भाऊबंदकीच्या केसचं काय झालं? तारीख पुढं गेली असेल तर लिहू नको, निकाल लागला तरच लिही. वजन कमी कर, फोटोत दिसतंय.

या पत्राचं उत्तर फोनवर देऊ नको. फोनवर तू "बघू की मर्दा" म्हणतोस आणि विषय क्रिकेटवर नेतोस. लिहून पाठव, आणि जमलं तर लेकीला दोन ओळी लिहायला सांग, माझ्या पोराला. इंग्रजीत चालेल, मराठीत जास्त चालेल. मोठ्यांचं तो सध्या ऐकत नाही. तिचं ऐकेल. ती गेली तेव्हा क्लब रॅडक्लिफला होता, म्हणजे त्याच्या मते तिनं त्याच्यापेक्षा वाईट दिवस काढलेत, आणि त्याला त्याचा फार आदर आहे.

तुझा,
गोलकी

ता. क. लेकीच्या जर्सीचं माप कळव. क्लबच्या दुकानात बारा-तेरा वर्षांचं मिळतं, पण ती वैनींच्या उंचीवर गेली असेल तर मोठ्यांचं स्मॉल घेतो. तुझं एक्सेल मला माहीत आहे.