माझं पाऊल उचलायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फी दिली, पावती घेतली की व्यवहार पुरा होतो. तुमच्या बाबतीत तसं वाटत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी एमआरआयवरचे पांढरे ठिपके दाखवले, औषधं सुरू झाली. पण उजवं पाऊल उचलत का नाही, चालताना चप्पल निसटते कशी, हे मला कळलं नव्हतं. घरचे मायेने म्हणायचे, "जरा मनावर घे." ऐकून ऐकून मलाही वाटू लागलं, की आपलं मनच कमी पडतंय.

तुम्ही नडगीजवळचा स्नायू दाबून पाहिलात आणि म्हणालात, "स्नायू आहे की चांगला. त्याच्यापर्यंत निरोपच नीट पोचत नाहीये." मग माझ्याच फाइलच्या मागे मज्जातंतू काढून दाखवलात. मेंदूतल्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी त्याच्याभोवती मायलिनचं स्निग्ध आवरण गुंडाळतात, मध्ये मध्ये जागा उघडी ठेवतात. ठाण्याहून सुटलेली फास्ट लोकल मधली स्टेशनं सोडत जाते, तसा संदेश एका उघड्या जागेवरून थेट पुढच्या जागेवर जातो. जाड मायलिनच्या तंतूत त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत जातो, मायलिन नसलेल्या बारीक तंतूत जेमतेम एक-दोन मीटर. माझ्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच या आवरणावर उलटते. संदेश रेंगाळतो, कधी वाटेतच विरतो. त्या दिवशी माझ्या मनावरचं केवढं ओझं उतरलं, ते तुम्हाला बोलून दाखवायचं राहूनच गेलं.

मे महिन्यात तर मी पुरती घाबरले होते. ठाण्याचा तो दमट उकाडा, स्टेशनचा पूल उतरेपर्यंत पाय जड आणि डोळ्यांपुढे धूसर. वाटलं, आजार वाढला. तुम्ही सांगितलंत, की या आजारात श्रमानंतर नजर तात्पुरती धूसर होते, हे उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच नोंदवलं होतं. त्याचं कारण पुढे कळलं: अंग तापलं की मायलिन गेलेल्या तंतूत संदेश आणखी अडखळतो, अंग निवलं की बहुधा पूर्ववत होतो. एवढ्यावर थांबला नाहीत. क्लिनिक उघडायच्या आधी, ऊन चढण्यापूर्वी, तलावपाळीवर माझ्याबरोबर चालायला आलात. त्या वेळेचे पैसे कधी लावले नाहीत.

आणि ते उंदीर! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला तो प्रयोग. चाकाच्या दांड्या कमी-जास्त अंतरावर लावल्या होत्या. ज्या उंदरांना नवं मायलिन तयार करता येत नव्हतं, त्यांना त्या चाकावर धावणं नीट जमेना. नवं मायलिन थांबवण्याआधीच शिकलेले मात्र धावत राहिले. म्हणजे नवी हालचाल शिकताना मोठ्या वयाच्या मेंदूतही मायलिन बनतं आणि ते लागतंही. टाच टेकवून पाऊल उचलायचा तोच तोच सराव करताना मला या उंदरांचा फार आधार वाटला.

तरीही तुम्ही खोटी आशा लावली नाहीत. आजची औषधं नवे हल्ले कमी करतात, गेलेलं मायलिन भरून काढत नाहीत, आणि व्यायाम म्हणजे औषधाला पर्याय नव्हे, हे स्पष्ट सांगितलंत. इतकं खरं बोलणारं माणूस मला त्या दिवसांत हवंच होतं.

आता घरात काठी लागत नाही. पूल अजून कठडा धरूनच चढते. माझ्यासारखाच आजार असलेल्या कळव्याच्या एका मुलीला तुमचा पत्ता दिला आहे. ती फार घाबरलेली आहे. तिलाही तो मज्जातंतू काढून दाखवा.

तुमची ऋणी,
नौपाड्याची तुमची पेशंट