लाल देवळाच्या आवारातली कबर : पुस्तिकेसाठी आवाहन

सभासद बंधू-भगिनींनो,
सस्नेह नमस्कार.

'ससूनला नेलंय' हे शब्द पुण्यातल्या कोणत्या घराने ऐकले नाहीत? पण ज्यांच्या देणगीतून ते रुग्णालय उभे राहिले ते ज्यू व्यापारी डेव्हिड ससून इथेच, लष्कर भागात (कॅम्पात), लाल देवळाच्या म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या आवारात विसावले आहेत, हे सांगितल्यावर अजूनही लोक आपल्याकडे बघत राहतात. अशा लोकांसाठीच आपण ही मराठी पुस्तिका काढतो आहोत.

बगदादच्या सुभेदाराच्या जाचातून निसटून, इराणच्या बुशहर बंदरामार्गे १८३२ साली मुंबईत आलेला हा माणूस. इंग्रजी त्यांना कधी आले नाही. १८५३ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेताना सही केली ती हिब्रूत. कापूस, कापड आणि चीनकडे जाणारी अफू यांवर पेढी वाढली. अफूचा उल्लेख नको, असे वार्षिक सभेत काहींनी सुचवले होते. तो आम्ही ठेवला आहे. इतिहास लिहायचा तर पुरता लिहायचा.

लाल देवळाचे, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगचे, काम १८६३ साली सुरू झाले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८६४ मध्ये, डेव्हिडशेठ पुण्यातच वारले. देऊळ पुरे व्हायला १८६७ उजाडले. ते त्यांनी पाहिले नाही, पण त्याच्याच सावलीत त्यांची कबर बांधली गेली. वास्तुविशारद हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स, ससून रुग्णालयाचा आराखडाही त्यांचाच. लाल वीट, आपला काळा दगड, नव्वद फुटी घड्याळाचा मनोरा. नवखा माणूस चर्चच समजतो. कबरीची वास्तू छोटेखानी, गॉथिक धाटणीची, आत हिब्रू लेख. आपल्या पहिल्या भेटीत रास्ता पेठेतल्या एका बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या) आजींनी तो लेख उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचला आणि लगेच अस्सल मराठीत अर्थ सांगितला. पंचवीसेक माणसे होतो, कोणी हललेसुद्धा नाही. आजी आज नाहीत. पुस्तिका त्यांनाच अर्पण आहे.

थोरला मुलगा अब्दुल्ला, पुढे सर आल्बर्ट, याने मुंबईत ससून डॉक बांधला (१८७५) आणि नंतर इंग्लंडात ब्रायटनला घुमटाची, हिंदुस्थानी थाटाची समाधी स्वतःसाठी उभारली (१८९२). १९३३ मध्ये तिथले देह हलवले, वास्तू विकली गेली आणि पुढे ती एका पबचा भाग झाली. वडील मात्र पुण्यात जागच्या जागी आहेत. हे वाचताना आम्हा सगळ्यांचा ऊर भरून येतो, आणि थोडी धास्तीही वाटते.

इथवर आलो ते आपल्यापैकी काहींच्या जिवावर. निवृत्त शिक्षिका असलेल्या एका भगिनींनी पेन्शनच्या पहिल्या महिन्याची सगळी रक्कम आणून दिली आणि पावतीवर नाव घालू दिले नाही. भवानी पेठेतल्या छापखान्याच्या काकांनी दोन वर्षे पत्रके फुकट छापली. रविवारच्या फेरीत चहा पाजणारे इराणी हॉटेलवाले तर सभासदही नाहीत! या सर्वांचे ऋण शब्दांत मावणारे नाही.

पण मनातले बोलायलाच हवे. दिवाळीत प्रत्येक सभासदाला पत्र गेले. उत्तरे आली अकरा. फेरीला फोटो काढायला गर्दी होते, वर्गणीच्या वेळी फोन उचलला जात नाही. कार्यकारिणीतल्या वयस्कर मंडळींनी किती दिवस पदरमोड करायची?

घाई अशासाठी की मोजमापाची रेखाटने वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाची मुले विनामूल्य करून देत आहेत. परीक्षा झाली की ती पांगतील. विश्वस्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय आवारात जाता येत नाही, तेव्हा कोणीही परस्पर जाऊ नये. कागद, छपाई, छायाचित्रे मिळून अजून साठ हजार रुपये कमी पडतात. फूल ना फुलाची पाकळी, पाचशेपासून पुढे काहीही चालेल. रोख किंवा मंडळाच्या नावे धनादेश, कार्यालयात सायं. ६ ते ८ (सोमवार बंद), पावती लगेच. हजार व त्यावर देणाऱ्यांना पुस्तिकेच्या दोन प्रती. महिनाअखेर शेवटची मुदत. मुद्रिते तपासायला दोघे-तिघे हवेत.

आपली नम्र,
कार्यवाह

ता. क. : कोणाच्या घरी लाल देवळाचे किंवा जुन्या लष्कर भागाचे फोटो असतील तर अवश्य आणावेत. कार्यालयातच तुमच्यासमोर स्कॅन करून मूळ प्रत तिथल्या तिथे परत देऊ.